संवादी दूर, विवादी शेजारी

अहिल्यानगराहून पाथर्डीकडे जाणारा रस्ता करंजीचा घाट ओलांडून तिसगावास पोहोचतो, आणि या बाजारपेठेच्या गावाभोवतीचा सारा मुलूख नाथपंथाच्या स्मृतींनी भारलेला आहे. जवळच मढी येथे कानिफनाथांची समाधी असून रंगपंचमीच्या यात्रेस अठरापगड जातींचे लोक तेथे लोटतात. गर्भगिरीच्या डोंगरात वृद्धेश्वराचे स्थान आहे, ज्याला आसपासची माणसे म्हातारदेव म्हणतात आणि ज्या ठिकाणी ती आदिनाथाचे वास्तव्य मानतात. या पंथाचा योगी गळ्यातील लोकरीच्या दोऱ्यात, म्हणजे शैलीत, एक लहानशी शिंगी ओवतो, आणि पूजेपूर्वी व भोजनापूर्वी ती फुंकतो. तिला एकच सूर असतो. सप्तक नाही, राग नाही, आरोह-अवरोह नाही. नाद आहे एवढेच सांगण्यापुरता तो सूर उमटतो, आणि ज्याने नादाच्या अखंड अनुसंधानात मन लयास न्यायचे ठरविले आहे त्याला त्याहून अधिक साहित्य लागत नाही.

त्या एका सुराच्या शेजारी मी आज मुद्दाम एक अगदी वेगळे वाद्य ठेवीत आहे. अलीकडे षट्कोनी पट्ट्यांची वाद्ये तयार होऊ लागली आहेत; लुमाटोन नावाच्या वाद्यावर अशा २८० पट्ट्या मधाच्या पोळ्यासारख्या एकमेकींना चिकटून बसविलेल्या असतात, आणि कोणत्या पट्टीतून कोणता सूर निघावा हे वादकाने स्वतः ठरवावयाचे असते. सप्तकाचे बारा भाग करा, बावीस करा, एकतीस करा, त्रेपन्न करा. यंत्राचा कशालाच विरोध नाही. परंतु सूर किती घ्यावयाचे हे ठरल्यानंतरही खरा प्रश्न शिल्लकच राहतो, आणि तो असा की त्या सुरांना जागा कोणत्या नेमून द्यावयाच्या, कोणाच्या शेजारी कोणाला बसवावयाचे, आणि कोणाला दूर ठेवावयाचे. वरवर पाहता ही सोयीची बाब वाटते. माझ्या मते ती सोयीची बाब नसून श्रद्धेची आणि तत्त्वविचाराची बाब आहे. कारण नाद जर एक आणि अखंड असेल, तर त्यात हद्दी आखून प्रत्येक सुराला ठाणे नेमून देणारा मनुष्य उपासना करतो की उपाधी वाढवितो, हे त्याने स्वतःला विचारलेच पाहिजे.

महाराष्ट्रात हा प्रश्न नवा नाही, आणि तो ज्या गृहस्थांनी प्रथम आधुनिक रीतीने हाती घेतला ते सरकारी महसूल खात्यातील अधिकारी होते ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. हिंदू सप्तक आणि बावीस श्रुती या विषयावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९१० साली पुण्यात छापला गेला. तारेच्या लांबीवरून सुरांची प्रमाणे काढावयाची, अब्दुल करीम खाँसारख्या जातिवंत गायकाच्या गळ्यातून निघालेला सूर त्या तारेशी ताडून पाहावयाचा, आणि जे आढळेल त्याची नोंद करावयाची, ही त्यांची पद्धत होती. ज्याने आयुष्यभर जमाबंदीची दफ्तरे पाहिली, मोजणीच्या तक्रारी ऐकल्या आणि कोणाचा बांध कोठून जातो याचे निवाडे केले, त्याला सप्तक हा एक मोजणी न झालेला मुलूख वाटला असेल तर नवल नाही. शेत जुने, वहिवाट पिढ्यान्‌पिढ्यांची, कसणाऱ्याच्या पायांना प्रत्येक ढेकूळ ओळखीचे. पण कागदावर नकाशा नाही, आणि म्हणून जो तो आपली हद्द आपल्या मर्जीप्रमाणे सांगतो. देवलांनी साखळी टाकली. सातारा भागात जिल्हा न्यायाधीश असलेल्या ई. क्लेमेंट्स या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांना साथ दिली, लंडनच्या मूर आणि मूर या कारखान्यात श्रुतींची पेटी तयार करवून घेतली गेली, आणि १९१६ च्या मार्च महिन्यात बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने भरलेल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत ती विद्वानांपुढे आली.

तेथे ती पेटी टिकली नाही. पंडित भातखंडे आणि त्यांच्या मताचे गायक यांचा आक्षेप असा की गळ्यातील श्रुती अशी एका जागी खिळवून ठेवता येत नाही; ती रागागणिक, संगतीगणिक हलते. आज मागे वळून पाहताना दोन्ही पक्षांपैकी एकालाही मी चूक ठरवू शकत नाही. साखळी टाकली म्हणून शेत निर्माण होत नाही हे जितके खरे, तितकेच हेही खरे की बांधाचा तंटा उभा राहिला म्हणजे वहिवाटीची आठवण पुरत नाही. देवलांच्या कामाची थोरवी त्यांच्या आकड्यांत नसून, गळ्यातील सूर हा साक्षीपुराव्याने ठरविण्याचा विषय आहे, केवळ प्रतिष्ठेने ठरविण्याचा नाही, या त्यांच्या निष्ठेत आहे.

त्यांच्या मार्गाने पुढे गेलेल्या अभ्यासकांनी जी प्रमाणे मांडली त्यांत एक सौंदर्य आहे, आणि षट्कोनी पट्ट्यांचा विचार करणाऱ्याने ते समजून घेतले पाहिजे. या मांडणीत बावीस श्रुतींची अंतरे सारखी नाहीत. ती तीन मापांची आहेत. सप्तकाचे १२०० सूक्ष्म भाग कल्पिले, म्हणजे ज्यांना सेंट म्हणतात ते, तर सर्वांत लहान प्रमाणश्रुती सुमारे २१.५ भागांची, न्यूनश्रुती सुमारे ७०.७ भागांची आणि पूर्णश्रुती सुमारे ९०.२ भागांची होते. सप्तकात प्रमाणश्रुती १०, न्यूनश्रुती ५ आणि पूर्णश्रुती ७ बसतात, आणि त्यांची बेरीज बरोबर एक सप्तक भरते. आता याच सप्तकाचे ५३ समान भाग केले तर प्रमाणश्रुतीस एक भाग, न्यूनश्रुतीस तीन आणि पूर्णश्रुतीस चार भाग येतात: दहा, पंधरा आणि अठ्ठावीस मिळून त्रेपन्न. ऑक्सफर्डच्या बोसान्के नावाच्या विद्वानाने १८७० च्या दशकात ५३ सुरांची पेटी घडविली आणि १८७७ साली हिंदूंच्या सप्तकविभागणीवर निबंध लिहिला. नाट्यशास्त्रकार भरताने कोठेही अपूर्णांक दिलेले नाहीत, म्हणून हे गणित भरतावर लादू नये. पण ज्याला बावीस श्रुती पट्ट्यांवर मांडावयाच्या आहेत त्याला त्रेपन्नांची ही वाटणी एक प्रामाणिक जमीन देते.

जमीन मिळाल्यावर मांडणीचा प्रश्न येतो. षट्कोनाला सहा शेजारी असतात, पण त्यांच्या दिशा तीनच. एका दिशेने पुढे गेले की सूर जितका चढतो तितकाच उलट दिशेने उतरतो, आणि दोन दिशांची अंतरे ठरविली की तिसरीचे आपोआप ठरते. म्हणजे वादकाला वस्तुतः दोनच गोष्टी निवडावयाच्या असतात, आणि त्या दोन निवडींतून संपूर्ण पट जन्मास येतो. अनेक मांडण्या शक्य आहेत. त्यांतील दोघींचा मी येथे विचार करीन, कारण त्या दोघी मिळून जे दाखवितात ते मला विलक्षण वाटते.

पहिली मांडणी बोसान्केच्या विचारातून आलेली आणि पुढे अर्व्ह विल्सन या अमेरिकेतील अभ्यासकाने षट्कोनी पट्ट्यांच्या आराखड्यांत विकसित केलेली. हिच्यात तीन दिशांची अंतरे त्रेपन्नांपैकी नऊ, पाच आणि चार अशी असतात. मधल्या पट्टीवर षड्ज ठेवला तर नऊ भाग वर चतुःश्रुती ऋषभ येतो आणि नऊ भाग खाली कोमल निषाद. पाच व चार भाग वर कोमल ऋषभाची दोन रूपे, एक चढे आणि एक अतिकोमल. पाच व चार भाग खाली शुद्ध निषादाची दोन रूपे. षड्जाचे सहाही शेजारी ऋषभ आणि निषाद या दोनच घराण्यांतले. दुसरी मांडणी संवादावर उभी आहे. हिच्यात तीन दिशा म्हणजे षड्जापासून पंचमाचे, शुद्ध गांधाराचे आणि कोमल गांधाराचे अंतर: त्रेपन्नांपैकी एकतीस, सतरा आणि चौदा. येथे षड्जाला जे सहा शेजारी लाभतात ते पंचम, मध्यम, दोन्ही गांधार आणि दोन्ही धैवत. ऋषभ आणि निषाद यांपैकी एकही षड्जाला स्पर्श करीत नाही, त्यांना दुसऱ्या वर्तुळात थांबावे लागते.

या दोन चित्रांपुढे मी पुष्कळ वेळ थांबलो आहे. सूर तेच, गणित तेच, नाद तोच. पण एकीत षड्जाभोवती केवळ ऋषभ-निषादांचा गराडा पडतो आणि दुसरीत त्याच ऋषभ-निषादांना वगळून उरलेले सारे स्वर त्याच्या अंगाला येऊन भिडतात. जणू षड्जावाचूनचे सहाही स्वर दोन पक्षांत विभागून, एका पक्षाने उंचीच्या नात्याने षड्जावर हक्क सांगावा आणि दुसऱ्याने संवादाच्या नात्याने. मग षड्जाचा खरा शेजारी कोण?

भरताने हा प्रश्न पट्ट्यांवाचूनच सोडविला होता. ज्या दोन स्वरांत नऊ किंवा तेरा श्रुतींचे अंतर ते परस्परांचे संवादी, आणि ज्यांत दोन श्रुतींचे अंतर ते विवादी. नाट्यशास्त्रातील या नियमाचा अर्थ नीट पाहिला तर मन थबकते: जे अगदी लगत बसले आहेत त्यांचा विवाद, आणि जे सप्तकाच्या अर्ध्या वाटेवर दूर बसले आहेत त्यांचा संवाद. उंचीच्या क्रमाने स्वर ओळीत मांडणारा प्रत्येक पट, मग तो पेटीचा असो वा वीणेच्या पडद्यांचा, विवाद्यांना शेजारी आणि संवाद्यांना परके करून ठेवतो. संवाद ऐकण्यासाठी बोटांना लांब जावे लागते. मला वाटते की अध्यात्माच्या वाटेवरील माणसाचा अनुभव याहून वेगळा नाही. देहाने जे निकट ते मनाने निकट असतेच असे नाही, आणि ज्याच्याशी आपला सूर जुळतो तो अनेकदा काळाने व स्थळाने दूर असतो. याच जिल्ह्यात, नेवाशास, १२९० साली ज्ञानेश्वरी पूर्ण झाली, आणि तिच्या कर्त्याने आपली गुरुपरंपरा ज्या मत्स्येंद्र-गोरक्षांपर्यंत नेली त्यांना त्याने देहाने कधीच पाहिले नव्हते.

परंतु म्हणून संवादाची मांडणीच सत्य आणि उंचीची मांडणी मिथ्या, असा निवाडा करणे घाईचे होईल. राग हा संवादाने उभा राहतो, पण चालतो तो पायरी-पायरीने. गायक षड्जावरून ऋषभावर मींडेने जातो, निषादाला स्पर्श करून षड्जावर परततो. चलनाचा सारा जीव लगतच्या स्वरांमधील वाटेत असतो. संवादाच्या मांडणीवर साधा आरोह वाजवू लागले की हात पटावर सैरभैर धावतो, आणि जी तान गळ्यात एका श्वासाची असते ती बोटांत तुकड्यातुकड्यांची होते. शिवाय एक मोठी गोष्ट: प्रमाणश्रुती. पहिल्या मांडणीत एका प्रमाणश्रुतीने भिन्न असलेले दोन सूर जवळजवळ अंगाला अंग लावून बसतात, कारण पाच आणि चार यांच्यातील फरक एकच आहे. म्हणून तंबोऱ्यातून आपोआप उमटणारा स्वयंभू गांधार आणि त्याहून एक प्रमाणश्रुती चढलेला गांधार हे दोघेही एका बोटाच्या आवाक्यात राहतात. संवादाच्या मांडणीत हे दोघे एकमेकांपासून कित्येक घरे दूर पडतात. नाते जवळ आले, भेद दूर गेला.

तो भेद म्हणजे काही कलावंताचा हट्ट नव्हे. भरताच्या व्यवस्थेत षड्जग्राम आणि मध्यमग्राम यांच्यातील अंतर एवढेच की दुसऱ्यात पंचम एक श्रुतीने उतरतो, आणि त्या उतरलेल्या श्रुतीलाच प्रमाणश्रुती हे नाव आहे. षड्जग्रामात षड्ज आणि पंचम तेरा श्रुतींनी संवादी, पण ऋषभ आणि पंचम यांत दहा श्रुती, म्हणून संवाद नाही. पंचम एका श्रुतीने उतरविला की ऋषभाशी त्याचे नऊ श्रुतींचे सख्य जुळते, आणि त्याच क्षणी षड्जाशी असलेले तुटते. एकाशी इमान राखावे तर दुसऱ्याशी फारकत होते. सगळ्यांशी एकाच वेळी संपूर्ण संवाद साधील अशी जागा पंचमासाठी सप्तकात नाही, आणि हा दोष कोणा कारागिराचा नसून नादाच्या स्वभावाचाच आहे.

पेटीने या अडचणीतून काढलेला मार्ग सर्वांना परिचित आहे. सप्तकाचे बारा सारखे भाग करून पेटी ऋषभ, पंचम आणि धैवत यांना थोडे थोडे सरकविते, आणि सर्वांचे सर्वांशी बरे चालेल अशी तजवीज करते. पंचम त्यात अवघा दोन सेंटनी उणा होतो, पण शुद्ध गांधार जेथे ३८६ वर हवा तेथे ४०० वर जाऊन बसतो, आणि जवारी लावलेल्या तंबोऱ्यातून जो गांधार आपोआप ऐकू येतो त्याच्याशी त्याची गाठ पडत नाही. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीस मज्जाव केला त्यामागे मींडेच्या अभावाबरोबर हेही कारण होते. हार्लेमच्या टेलर संग्रहालयात १९५० साली आद्रियान फोकर यांनी बसविलेला एकतीस सुरांचा ऑर्गन गांधाराला न्याय देतो, पण तोही प्रमाणश्रुती पुसून टाकूनच. तेथेही दोन वेगळे सूर एका पट्टीत कोंबले जातात आणि त्यांना अभिन्न म्हणून नोंदविले जाते.

अभेदाचा हा प्रकार मला अद्वैताच्या नावावर खपवून घेता येत नाही. जो भेद पाहून, भोगून, त्याच्या मुळाशी जाऊन अभेदास पोहोचला त्याचा अभेद ज्ञानाचा. आणि ज्याने कारभार सुरळीत चालावा म्हणून भेदाची नोंदच दफ्तरातून खोडून टाकली त्याचा अभेद तडजोडीचा. दोहोंचा निकाल कागदावर सारखा दिसतो, पण ऐकणाऱ्याला तो सारखा वाटत नाही. त्रेपन्नांच्या वाटणीतही काही सूर एक केले जातात, हे मी लपवीत नाही. मात्र तेथे एक झालेल्या सुरांमधील मूळ अंतर दोन सेंटहूनही कमी असते, आणि जेथे सुजाण कानाला भेद ऐकू येत नाही तेथे भेद न मानणे हा अप्रामाणिकपणा नव्हे. सीमा कानाने आखावयाची, सोयीने नव्हे. माझा सारा आग्रह एवढ्यासाठीच आहे.

येथे शार्ङ्गदेवाची आठवण होते. देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या आश्रयाने, तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात, या मुलखाच्या उशाशीच त्याने संगीतरत्नाकर रचला. त्याने श्रुती सिद्ध करण्यासाठी वीणेवर बावीस तारा लावण्यास सांगितले, प्रत्येक तार मागचीहून इतकीच उंच की मध्ये तिसरा ध्वनी मावू नये. पण त्याहूनही मला मोहविते ती त्याची देहातील मांडणी. हृदयप्रदेशी बावीस नाड्या तिरप्या बसल्या आहेत, प्राणवायूचा आघात त्यांवर होताच क्रमाने उंच होत जाणाऱ्या बावीस श्रुती उमटतात, आणि कंठात व मस्तकात हीच रचना पुन्हा आहे, असे तो सांगतो. शरीरशास्त्राच्या परीक्षेस हे वर्णन उतरणार नाही. परंतु ज्याने ते लिहिले त्याला ठाऊक होते की श्रुतींना जागा हवी, आणि ती जागा वाद्यावर शोधण्यापूर्वी गाणाऱ्याच्या पिंडात शोधली पाहिजे. हाच शार्ङ्गदेव आहत आणि अनाहत असे नादाचे दोन प्रकार करून असेही सांगतो की अनाहत नाद मुनींना मुक्ती देतो, पण तो रंजक नाही. म्हणून लोकांचे रंजन करणारा आणि भवबंध तोडणारा आहत नाद गीताच्या द्वारे सांगावयाचा. शिंगी फुंकणारा नाथ आणि बावीस तारा जुळविणारा संगीतकार यांच्यातील वाद त्याने असा मिटविला की दोघांची वाट वेगळी राहिली आणि मुक्काम एक झाला.

नाथपंथीय साधनेतही नादाची मांडणी नाही असे समजू नये. स्वात्मारामाच्या हठप्रदीपिकेत चौथ्या उपदेशात साधकाला आत ऐकू येणाऱ्या नादांचा क्रम दिला आहे: प्रथम समुद्र, मेघ, भेरी यांसारखे स्थूल, मग मर्दल, शंख, घंटा, आणि अखेरीस किंकिणी, वेणू, वीणा, भ्रमर यांसारखे सूक्ष्म. हाही एक पट आहे. मात्र तो उंचीचा नाही आणि संवादाचाही नाही, तो सूक्ष्मतेचा आहे. त्याच्या पायऱ्या चढून साधक शेवटी पटच मागे टाकतो.

पट्टी आणि सूर यांचे नाते काय, याचाही विचार मतंगाने बृहद्देशीत श्रुती आणि स्वर यांच्या संबंधाच्या निमित्ताने करून ठेवला आहे. श्रुती आणि स्वर यांचे तादात्म्य आहे. स्वर हा श्रुतींचा विवर्त आहे, आरशातील मुखासारखा. स्वर हे कार्य आहे, मातीतून घडलेल्या घटासारखे. परिणाम आहे, दुधातून झालेल्या दह्यासारखा. किंवा श्रुती स्वराला केवळ व्यक्त करतात, दिवा अंधारातील घटाला दाखवितो तशा. ही पाच मते मांडून त्याचा कल परिणाम आणि अभिव्यक्ती या पक्षांकडे दिसतो. षट्कोनी पट्टीला मी अभिव्यक्तीच्या पक्षात बसवितो. ती सूर निर्माण करीत नाही. असलेल्या नात्याला हाताच्या आणि डोळ्यांच्या कक्षेत आणते. दरबारीचा आंदोलित कोमल गांधार मात्र या दिव्याने दिसत नाही, कारण तो कोठेच उभा नसतो. तो गाताना होतो, आणि गाणे थांबले की उरत नाही. पट्ट्या २८० असोत वा २,८००, बडोद्याचा आक्षेप तेथे आजही जसाच्या तसा उभा आहे, आणि षट्कोनी वाद्याचा कैवार घेणाऱ्याने तो नम्रपणे मान्य केला पाहिजे.

परंतु या वाद्याचा एक गुण असा आहे की ज्याचे मोल गावोगावच्या भजनी मंडळींना पंडितांहून अधिक कळेल. आपल्याकडे षड्जाला कायमची जागा नाही. ज्याचा त्याचा षड्ज त्याच्या गळ्यात असतो. एकजण काळी एकात गातो, दुसरा काळी पाचात, आणि टाळ-पखवाजाच्या गजरात अभंग चढू लागला की पेटीवाल्याला पट्टी बदलावी लागते. पेटीवर प्रत्येक पट्टीतील भूपाचे बोटांतील रूप निराळे. पांढऱ्या-काळ्यांची वाटणी आड येते आणि तोच राग पुन्हा नव्याने बसवावा लागतो. षट्कोनी पटावर हे होत नाही. एकदा दिशांची अंतरे ठरली की कोणत्याही पट्टीस षड्ज माना, तिच्याभोवतीचे सारे जग त्याच आकारात उभे राहते. पंचम तेथेच, गांधार तेथेच, कोमल ऋषभाची दोन रूपे तेथेच. कोणतीही पट्टी जन्माने षड्ज नाही आणि कोणतीही षड्ज होण्यास अपात्र नाही. पिंडी ते ब्रह्मांडी म्हणणाऱ्या पंथाच्या मुलखात या गुणाचा अर्थ समजावून सांगावा लागू नये.

येथे कोणी भाविक मला अडवील आणि विचारील, की हे सगळे गणित देवाला हवे आहे काय? भजनात वीस गळे वीस ठिकाणी असतात, पेटीचा गांधार चढा असतो, एखाद्याचा सूर तर कोठेच नसतो, आणि तरीही त्या रात्री मंदिरात जे घडते ते खरे असते. मग एकवीस सेंटांचा हिशेब ठेवणारा मनुष्य भक्तीच्या नावाने अहंकार पोसतो असे का म्हणू नये? या प्रश्नाचे गांभीर्य मी कमी लेखीत नाही. भावाची जागा अचूकतेने भरून निघत नाही, हे निर्विवाद. पण उलट विधान, की भाव असला म्हणजे अचूकतेची गरज नाही, हे मला मान्य नाही. तंबोरा जुळविणाऱ्या माणसाकडे पाहावे: तो बोलत नाही, गात नाही, इतरांना गप्प करतो आणि स्वतःही गप्प होतो, आणि एका केसाएवढ्या फरकासाठी पुन्हा पुन्हा मणी सरकवितो. तेवढा वेळ त्याच्या चित्तात त्याचे स्वतःचे काहीच नसते. प्रमाणश्रुती ऐकू येण्यासाठी जी अंतर्बाह्य शांतता लागते ती अहंकाराला परवडणारी नाही. वीस गळ्यांचे भजन आणि एका तारेची जुळवणी या दोन्ही उपासना आहेत; ज्याला एकच जमते त्याने दुसरीला खोटी म्हणू नये.

राहता राहिला निवडीचा प्रश्न. षट्कोनी वाद्यावर आज एका कळीने मांडणी पालटता येते; सकाळी संवादाची, संध्याकाळी उंचीची, उद्या आणखी तिसरीच. ही सोय मला धोक्याची वाटते. मूर्ती अनेक असतात आणि सर्व मान्य असतात, पण उपासकाचे इष्टदैवत एकच असते, आणि त्याच्या पूजेने हातांना जे वळण लागते ते दर आठवड्यास देव बदलणाऱ्याला कधीच लागत नाही. मांडणीचे सत्य आराखड्यावर ठरत नाही. वर्षानुवर्षे एकाच पटावर फिरलेल्या बोटांना डोळे मिटूनही संवाद सापडू लागला की मगच तिची परीक्षा होते. म्हणून ज्याला स्वरांची नाती अभ्यासावयाची आहेत, तंबोऱ्याच्या संगतीत षड्जाभोवती गांधार, पंचम आणि धैवत कसे उमलतात याचे चिंतन करावयाचे आहे, त्याने संवादाची मांडणी घ्यावी आणि तीच ठेवावी. ज्याला राग वाजवावयाचा आहे, अभंगाला साथ करावयाची आहे, त्याने नऊ-पाच-चारांची मांडणी घ्यावी. तिच्यात तान चालते, दोन्ही गांधार हाताशी राहतात, आणि पंचमापर्यंत जाण्यास षड्जापासून तीन घरे नवांच्या दिशेने व एक घर चारांच्या दिशेने चालावे लागते. हे अंतर मला खटकत नाही, कारण संवाद्याकडे जावे लागते हे भरताचे म्हणणे त्या चार घरांच्या वाटेत बोटांना दर वेळी नव्याने कळते.

तिसगावच्या एखाद्या भजनी मंडळाने मला विचारले तर मी नऊ-पाच-चारांची हीच मांडणी सुचवीन, आणि एवढेच जोडीन की उतरलेल्या पंचमाची पट्टी वेगळ्या रंगाची ठेवावी. षड्जाशी संवाद सोडून ऋषभाशी तो जोडण्याचा प्रसंग भजनात क्वचित येईल. पण येईल तेव्हा तो सूर चुकून लागू नये, वाजविणाऱ्याने तो जाणून लावलेला असावा.